दगडाळ माळावरचें तांबडें मद्य

एका प्रदेशाची चव दुसऱ्या प्रदेशांत रुजवितां येते काय? इटलींतील टस्कनी प्रांतांत मार्किस मारिओ इन्चिझा देल्ला रोक्केत्ता या गृहस्थांनीं हा प्रश्न केवळ हौसेपोटीं हातीं घेतला. हे खरे अश्वशौकीन. सोळा शर्यतींत एकदांहि न हरलेला 'रिबो' हा घोडा ज्या तबेल्याचा, त्याचे ते भागीदार.

फ्रान्समधील बोर्दोचें तांबडें मद्य त्यांना फार प्रिय. तें बहुधा एका द्राक्षाचें नसतें. काबर्ने सोव्हीन्यों, काबर्ने फ्रां, मर्लो अशा जातींचा तो मेळ असतो. बोर्दोजवळील 'ग्राव्ह' या भागाच्या नांवाचा अर्थच खडी. समुद्राजवळच्या बोल्गेरी गांवची आपली जमीनहि तशीच दगडाळ, हें मार्किसांनीं हेरलें आणि १९४४ सालीं, युद्ध चालू असतांनाच, तेथील टेकडीवर काबर्नेच्या वेली लावल्या. पुढें त्या मद्याला मिळालेल्या 'सास्सिकाया' या नांवाचा अर्थहि दगडाळ जागा असाच आहे.

पण शेजाऱ्यांना हें मद्य मुळींच रुचलें नाहीं. त्यांची जीभ हलक्या, ताज्या मद्याला सरावलेली. हें मात्र तुरट आणि कडक. तें वीस वर्षें घरींच प्यालें गेलें. गंमत अशी कीं, तळघरांत पडून राहिलेल्या जुन्या बाटल्या उघडल्या, तेव्हां तुरटपणा निवळून मद्याला गोलाई आल्याचें दिसलें. मग १९६८ सालचें मद्य बाजारांत आलें. लहान ओकच्या पिंपांत मुरविण्याचें तंत्र आणि ज्याकोमो ताकिस या मद्यतज्ज्ञांचा हात या कामीं उपयोगी पडला.

अडचण उरली ती कायद्याची! १९६३ सालच्या इटालियन कायद्यानें प्रदेशांचीं नांवें परंपरागत जातींशीं बांधलीं होतीं. बोल्गेरीचें परकी द्राक्षांचें तांबडें मद्य त्यांत बसेना; म्हणून तें 'साधें टेबलावरचें मद्य' या सर्वांत खालच्या वर्गांत विकलें जाई. परंपरेचें रक्षण करणाऱ्या कायद्याला नवी परंपरा ओळखतां येत नाहीं, हें आम्हांला मोठें खेदाचें वाटतें. १९७८ सालीं लंडनच्या एका स्पर्धेंत १९७२ च्या सास्सिकायानें अनेक देशांच्या काबर्नेंना मागें टाकलें, तरी बाटलीवरचा वर्ग तोच राहिला!

मार्किस १९८३ सालीं वारले. सरकारी मान्यता मिळाली ती १९९४ मध्यें. आणि २०१३ सालीं या एकाच मळ्याच्या मद्याला स्वतःच्या नांवाचा स्वतंत्र दर्जा लाभला.