वृद्धाश्रम कसा पाहावा : कायदा, सुरक्षा आणि रात्रपाळीचा प्रश्न

जयंतीच्या आठवड्यात आपली अनेक मंडळे वृद्धाश्रमात फळवाटपाला जातात. फोटो निघतात, आजी-आजोबांच्या हातात केळी-सफरचंद पडतात आणि तासाभरात गाड्या परत फिरतात. जाऊ नये असे माझे म्हणणे नाही. पण त्याच तासाभरात आश्रमाचे न्हाणीघर, रात्रपाळीचा तक्ता आणि औषधांची नोंदवही पाहिली, तर तिथल्या माणसांच्या आपण जास्त उपयोगी पडू. काय पाहायचे, त्याला कायद्याचा आधार कोणता आणि तो आधार कुठे तोकडा पडतो, एवढ्यापुरता हा लेख आहे.

सुरुवात संविधानापासून करावी लागते. अनुच्छेद ४१ मध्ये बेकारी, आजारपण, विकलांगता यांच्यासोबत म्हातारपणीही सरकारी साहाय्य मिळण्याचा हक्क सांगितला आहे. तो मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे थेट न्यायालयातून वसूल होत नाही. मात्र डॉ. अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर १३ डिसेंबर २०१८ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वृद्धांचा सन्मान, आरोग्य आणि निवारा हे प्रश्न अनुच्छेद २१ च्या जगण्याच्या हक्काशी जोडले आणि प्रत्येक जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत याची माहिती राज्यांकडून गोळा करायला केंद्राला सांगितले. म्हणजे २०१८ सालापर्यंत ही साधी मोजदादही नीट झालेली नव्हती. २०११ च्या जनगणनेत देशातील साठीपुढच्या लोकांची संख्या १० कोटींच्या वर होती, हे लक्षात घेतले की या दुर्लक्षाचा आकार कळतो.

कायदा काय म्हणतो

मुख्य कायदा म्हणजे आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७. त्यातील मुलांकडून निर्वाहभत्ता मिळवण्याचा भाग बऱ्याच जणांना ठाऊक आहे. वृद्धाश्रमांचे कलम १९ मात्र फारसे कोणी वाचत नाही. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० निराधार वृद्धांना सामावेल असा आश्रम राज्य सरकार टप्प्याटप्प्याने उभारू शकते, असे ते कलम सांगते. ‘उभारू शकते’, ‘उभारलेच पाहिजे’ नव्हे. आश्रमात कोणत्या दर्जाच्या सेवा असाव्यात हे ठरवण्याचे कामही त्याच कलमाने राज्यांवर सोडले आहे.

केंद्राने या कायद्यासाठी नमुना नियम दिले. त्यांच्या परिशिष्टातले निकष कार्यकर्त्याने पाठ करून ठेवावेत असे आहेत. प्रत्येक रहिवाशामागे झोपण्याच्या खोलीत किमान ७.५ चौरस मीटर आणि एकूण राहण्यासाठी १२ चौरस मीटर जागा. स्त्री-पुरुषांची स्वतंत्र व्यवस्था, पुरेसे पाणी, पंखे, स्वयंपाकघर, जेवणाची जागा, आजारी माणसासाठी वेगळी खोली, प्रथमोपचार. जवळच्या सरकारी रुग्णालयाशी आणि पोलीस ठाण्याशी आधीच ठरवून ठेवलेली व्यवस्था. मुळात हे निकष कायद्याखाली उभारलेल्या आश्रमांसाठी आहेत. गावाबाहेर एखाद्याने बंगला भाड्याने घेऊन आश्रम सुरू केला, तर हे निकष त्याच्यावर आपोआप बंधन होत नाहीत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आश्रमाच्या कार्यालयात भिंतीवर लावलेले नोंदणी प्रमाणपत्र बहुतेक वेळा संस्थेचे असते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे झालेली ती नोंद आहे. त्यावरून संस्था अस्तित्वात आहे एवढेच सिद्ध होते. आत राहणाऱ्या चाळीस माणसांसाठी न्हाणीघरे किती, हे कोणी तपासल्याचा तो पुरावा नाही. बालगृहांशी तुलना करा. बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार मुलांची निवासी संस्था नोंदणीशिवाय चालवली, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड आहे. म्हाताऱ्यांच्या बाबतीत तेवढी काळजी २००७ च्या कायद्याने घेतलेली नाही. खासगी आश्रमांची नोंदणी आणि देशभरासाठी किमान निकष आणणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आले. ते स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवालही आला, आणि २०२४ मध्ये सतराव्या लोकसभेबरोबर ते रद्दबातल झाले. माझ्या मते ज्येष्ठांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संघटनांची पहिली मागणी हीच असायला हवी.

रात्री जागे कोण असते?

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी इथल्या आसऱ्याला आग लागली आणि २८ मनोरुग्ण दगावले. त्यांना साखळदंडाने बांधून ठेवले होते. १ जानेवारी २०२३ ला दिल्लीच्या ग्रेटर कैलासमध्ये वृद्धांच्या काळजी-केंद्रात आग लागली, दोन वृद्ध स्त्रिया गेल्या. एक ठिकाण गरिबांचे, दुसरे पैसेवाल्यांच्या वस्तीतले. दोन्ही आगी पहाटेच्या.

म्हणून आश्रमात गेल्यावर माझा पहिला प्रश्न रात्रीचा असतो. रात्री किती कर्मचारी असतात? त्यांतले जागे किती? अंथरुणाला खिळलेल्यांना कोण उचलणार? मुख्य दाराची किल्ली कुणाकडे असते? माणसे बाहेर जाऊ नयेत म्हणून रात्री बाहेरून कुलूप लावण्याची पद्धत सर्रास आढळते आणि तिला ‘सुरक्षा’ म्हटले जाते. विस्मरणाचा आजार असलेला माणूस भटकू नये ही काळजी खरी आहे. पण त्यासाठी कुंपण असलेले अंगण, मनगटावर नाव-फोनची पट्टी आणि जागा माणूस लागतो. चालता न येणारे रहिवासी तळमजल्यावरच हवेत. खिडक्यांना गज असतील तर बाहेर पडायला दुसरा रस्ता हवा. बांधून ठेवणे तर कोणत्याही कारणाने चालणार नाही; मनोरुग्णाला साखळीने बांधायला मानसिक आरोग्य अधिनियम २०१७ च्या कलम ९५ ने स्पष्ट मनाई केली आहे.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. त्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘नमुना ब’, दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. ते मागून पाहावे. भिंतीवरच्या लाल नळकांड्याची तारीखही पाहावी आणि ते वापरता येते का, हे व्यवस्थापकाला नाही, तर स्वयंपाक करणाऱ्या बाईंना विचारावे.

आगीची बातमी होते, पडण्याची होत नाही. पण म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले की अनेकदा तिथून पुढे अंथरूणच. त्यामुळे न्हाणीघराची फरशी, कमोडशेजारचा आधाराचा दांडा, पलंगाजवळचे दिव्याचे बटण, उंबरठा या गोष्टी मोठ्या हॉलपेक्षा महत्त्वाच्या. बंद न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर तो बाहेर काढायला सांगा. त्यातून होणारी विषबाधा गंध-रंगाशिवाय माणूस मारते. औषधे प्रत्येकाच्या नावाच्या डब्यात आहेत का, दिल्याची वेळ आणि सही आहे का, हे पाहा. अंथरुणावरच्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्याची नोंद कुठेच नसेल, तर ते काम होत नाही असे समजायला हरकत नाही.

पैसा, धर्म आणि शेवटचा दिवस

श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधार योजनेचे पैसे ज्या खात्यात येतात, त्याचे पासबुक कुणाकडे आहे? एटीएम कार्ड आश्रमचालकाच्या कपाटात असेल, तर लेखी संमती आणि हिशेबाची वही दाखवायला सांगा. प्रवेशाच्या वेळी घर-जमिनीच्या कागदांवर सह्या घेतल्या असतील, तर प्रकरण गंभीर आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळले नाही, तर कलम २३ खाली ते हस्तांतरण रद्द करून मागता येते.

आपल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट विचारावी. प्रवेश अर्जात जात कशासाठी विचारली आहे? सकाळच्या आरतीला बसणे सक्तीचे आहे का? उशाशी बाबासाहेबांचा किंवा बुद्धांचा फोटो ठेवायला आडकाठी आहे का? आजीचा मृत्यू झाल्यावर अंत्यविधी बौद्ध पद्धतीने व्हावा ही तिची इच्छा कुठे लिहून ठेवली आहे का? व्यवस्थापनाच्या निकषांत हे सहसा येत नाही. पण आयुष्यभर ज्या ओळखीसाठी माणूस झगडला, ती शेवटच्या पलंगावर गपचूप काढून घेतली जात असेल, तर स्वच्छ चादरींचे कौतुक करू नये.

तक्रार कुठे करायची? ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे. अनुदानित आश्रमाबाबत जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे लेखी अर्ज द्यावा आणि माहितीच्या अधिकारात गेल्या तीन वर्षांचे तपासणी अहवाल मागावेत. खासगी आश्रमाबाबत जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे, कारण २००७ च्या कायद्याची अंमलबजावणी त्यांच्याकडे सोपवता येते. आग-सुरक्षेसाठी अग्निशमन विभाग, संस्थेच्या हिशेबासाठी धर्मादाय कार्यालय. निर्वाहभत्त्याचा किंवा मालमत्तेचा प्रश्न असेल तर उपविभागीय अधिकाऱ्यांचे न्यायाधिकरण.

अर्जात रहिवाशाचे नाव त्याला विचारल्याशिवाय घालू नका. तक्रार आपण करतो, पण रात्री त्याच खोलीत त्यालाच झोपायचे असते. आणि एकदा अर्ज दिला की पुढचे काही महिने दर पंधरा दिवसांनी, वेळ न कळवता, शक्यतो संध्याकाळी जेवणाच्या सुमारास भेट द्या.