डब्यावरची अट

एडिसनची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर यायची आणि नळकांडी पुठ्ठ्याच्या गोल डब्यांतून विकली जायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अशा डब्यांवर बारीक अक्षरांत एक मजकूर छापलेला आहे. त्याचा मथितार्थ असा: हे मुद्रण अनधिकृत दुकानदाराला विकू नये, त्याची नक्कल करू नये, आणि ३५ सेंटांच्या खाली ते कुणीही विकू नये, पहिल्या गिऱ्हाइकानेही नाही, त्याच्याकडून घेणाऱ्यानेही नाही. अट मोडली की ते वापरण्याचा परवाना त्याच क्षणी रद्द.

रोख पैसे मोजून घरी आणलेलं गाणं, पण ते वाजवायची मुभा दुसऱ्याच्या हातात! आज हेडफोनची एखादी कंपनी ऑनलाइन विक्रेत्याला वकिलाची नोटीस धाडते, तेव्हा तिच्यातला ‘अनधिकृत विक्रेता’ हा शब्द आपल्याला इंटरनेटच्या काळातला वाटतो. तो त्या पुठ्ठ्याच्या डब्यावर तेव्हाच छापून झाला होता.

या अटीचा आधार होता पेटंट. यंत्र बनवायला, विकायला, वापरायला मी सगळ्यांना मनाई करू शकतो. मग अटी घालून थोडीशी परवानगी का देऊ नये, असा हा युक्तिवाद. सुरुवातीला न्यायालयांना तो पटला. १९०३ मध्ये व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीने शिकागोच्या ‘द फेअर’ या मोठ्या दुकानाविरुद्धचा खटला जिंकला. ऑस्ट्रेलियात मेंक नावाच्या दुकानदाराने एडिसनच्या कंपनीशी झुंज दिली. तिथलं उच्च न्यायालय त्याच्या बाजूने उभं राहिलं, पण १९११ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. पुढे १९१५ मध्ये ताई महाराज प्रकरणात टिळकांना न्याय दिला, तेच हे प्रिव्ही कौन्सिल. त्याचं म्हणणं असं, की पेटंट असलेली वस्तू अट ठाऊक असताना घेतली, तर ती अट घेणाऱ्यालाही बांधते.

न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाला मात्र हे मुळीच मान्य नव्हतं. मालक स्ट्राउस कुटुंब. (त्यातले इसिडोर स्ट्राउस १९१२ मध्ये पत्नीसह टायटॅनिकवर बुडाले.) स्वस्त विकणं हा या दुकानाचा धंदाही होता आणि बाणाही. एका प्रकाशकाने कादंबरीच्या आत ‘एक डॉलरखाली विकल्यास कॉपीराइटचा भंग’ असं छापलं, तर मेसीजने ती ८९ सेंटला विकली आणि १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात खटलाही जिंकला. प्रत एकदा विकली, की तिच्या पुढच्या किमतीवर कॉपीराइटधारकाचा हक्क राहत नाही, असं ठरलं.

मग पाळी आली व्हिक्टरची. कर्ण्यात कान लावून बसलेला कुत्रा हिचाच. आपल्याकडे एचएमव्हीच्या तबकड्यांवर बसून घरोघरी पोचला तोच. व्हिक्टरच्या वकिलांनी डोकं लढवून ध्वनियंत्रावर लावायची नवी चिठ्ठी तयार केली होती. यंत्र आम्ही विकतच नाही, असं तिच्यात लिहिलेलं. पेटंटची मुदत संपेपर्यंत मालकी कंपनीची; गिऱ्हाइकाने भरलेले २०० डॉलर म्हणजे फक्त वापराचा मोबदला. मेसीजने तेच यंत्र कमी पैशांत दिलं. ९ एप्रिल १९१७ रोजी, अमेरिका महायुद्धात उतरून तीन दिवस झाले असताना, सर्वोच्च न्यायालयाने या चिठ्ठीचं सोंग उतरवलं. पूर्ण किंमत घेतली, यंत्र कायमचं देऊन टाकलं, आणि वर विक्री झालीच नाही म्हणता? हा किमती बांधण्याचा डाव आहे, असं न्यायालयाने जवळजवळ याच सुरात सुनावलं.

पेटंटची चिठ्ठी गेली, पण कंपनीचा हात काही सुटला नाही. १९१९ मध्ये कोलगेटच्या खटल्यात एक फट सापडली: कंपनी दुकानदाराशी किमतीचा करार तेव्हा करू शकत नव्हती, पण आपला भाव जाहीर करून, तो न पाळणाऱ्याला माल देणं बंद करू शकते. अमेरिकी संकेतस्थळांवर ‘किंमत बघायला वस्तू कार्टमध्ये टाका’ असं दिसतं, ते याच फटीतून आलेलं. बंधन असतं ते जाहिरातीतल्या किमतीवर. कार्टमधली किंमत जाहिरात धरली जात नाही. १९३१ पासून कॅलिफोर्नियाने आणि मग इतर राज्यांनी किमान किमतीला कायद्याचंच कवच दिलं. संसदेने ते १९७५ मध्ये काढून घेतलं.

पण कंपनीला आपला माल महाग विकला जावा असं का वाटावं? दुकानदाराने स्वस्त दिला तर खप वाढेल, नुकसान दुकानदाराचं. अर्थतज्ज्ञ लेस्टर टेल्सर यांनी १९६० मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला आणि उत्तर दिलं: दुकानदाराच्या मेहनतीसाठी. ध्वनियंत्रांच्या धंद्यात हे उत्तर चपखल बसतं. दुकानदार जाड पडद्यांची खोली राखतो, चार जोड स्पीकर मांडतो, तासभर ऐकवतो, चहाही पाजतो. गिऱ्हाईक ‘विचार करून सांगतो’ म्हणत बाहेर पडतं आणि जिन्यातच मोबाइलवरून दुसरीकडे स्वस्तात मागवतं. असं सर्रास होऊ लागलं तर ती खोली बंद होणार. मोठ्या स्पीकरच्या बाबतीत मला हे पटतं. प्लास्टिकच्या पाकिटात बंद, कुणी कानालाही न लावलेल्या इअरफोनसाठी हीच सबब पुढे केली जाते, तेव्हा नाही पटत.

इंटरनेटने दुकानदाराची हद्द पुसली. बोसचे अमेरिकेत स्वस्त मिळणारे होम थिएटर संच एक विक्रेता ईबेवरून ऑस्ट्रेलियातल्या गिऱ्हाइकांना विकत होता. कंपनीने दावा लावला, त्याने तडजोडीत विक्री थांबवायचं कबूल केलं आणि पुन्हा सुरू केली. २०१३ मध्ये बॉस्टनच्या अपील न्यायालयात तो हरला. कंपनीची बाजू इथे निव्वळ किमतीपुरती नव्हती. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, ऑस्ट्रेलियात २३०. डीव्हीडीचे विभागही वेगळे, १ आणि ४.

युरोपात कंपन्यांचा मुखवटा गळून पडला. २४ जुलै २०१८ रोजी युरोपीय आयोगाने डेनॉन अँड मरांट्झला सुमारे ७७ लाख युरो आणि पायोनियरला १ कोटीवर युरो दंड केला; फिलिप्स आणि एसूस धरून एकूण ११ कोटी १० लाख. गुन्हा असा, की कंपन्या ऑनलाइन दुकानांचे भाव संगणकाने टिपत, आणि कुणी उतरवला की माल तोडण्याची धमकी देत. ब्रिटनमध्ये फेंडर या गिटारवाल्या कंपनीला २०२० मध्ये ४५ लाख पौंड भरावे लागले. त्याआधी चौकशीत वह्या लपवल्याबद्दल २५ हजारांचा वेगळा दंड झालाच होता.

आपल्याकडचं चित्र जरा उलटं. आपल्या डब्यावर एमआरपी, म्हणजे याच्या वर विकू नका; एडिसनच्या डब्यावर, याच्या खाली विकू नका. आणि अनधिकृत माल म्हणाल, तर आखातातून सुट्टीवर आलेल्या कोकणातल्या माणसाच्या हातातला टू-इन-वन हमीपत्राची वाट बघत बसत नसे. बिघडला की नाक्यावरचा रेडिओवाला उघडायचा.

बाहेरून आणलेल्या अस्सल मालाबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ३ ऑक्टोबर २०१२ रोजी निकाल दिला. माल सॅमसंगच्या प्रिंटरचा, पण तत्त्व स्पीकरलाही तेच. कंपनीने जगात कुठेही एकदा विकलेली वस्तू इथे आणून विकायला तिच्या परवानगीची गरज नाही. मात्र दुकानात ठळक पाटी हवी: हा माल आयात केलेला आहे, कंपनी याची हमी देत नाही, विक्रीनंतरची सेवा आम्ही देऊ.

ऑनलाइन स्पीकर घेताना हीच पाटी शोधा. दिसली नाही, तर हमी कोणाची ते विक्रेत्याला विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.