धानाच्या दाण्याएवढी फट

गोंदियाहून बालाघाटच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर नागरा येतं. गावाची ओळख तिथल्या प्राचीन हेमाडपंती शिवमंदिराची. चुना न वापरता, दगडावर दगड नेमका बसवून देऊळ उभारायची ही रीत. माप चुकलं तर लिंपून झाकायची सोय नाही. देवळाच्या आसपासचा मुलूख मात्र धानाचा. पावसाळ्यात बांध्या पाण्याने भरतात, दिवाळीच्या आगेमागे कापणी होते आणि पोती गोंदियाच्या राइस मिलांकडे निघतात. यंत्राचा कोणता भाग धातूचा हवा आणि कोणता मऊ, हा आज कारखान्यांत रोज पडणारा प्रश्न या पट्ट्यात धानाने फार आधी विचारला होता.

धानाचा दाणा मोठा अवघड. वरच्या तुसात सिलिका इतकी, की तूस जाळल्यावर उरणाऱ्या राखेत ऐंशी टक्क्यांहून जास्त तीच असते. हे तूस पोलादही झिजवतं. आतला तांदूळ मात्र ठिसूळ, जरा दाब वाढला की कणी झाली. उखळात लाकडी मुसळाने आणि पायाने चालवायच्या ढेकीवर कांडणाऱ्या बायकांच्या हाताला हा दाब ठाऊक होता. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं असे, पण घाव लाकडाच्या वजनाचा आणि कांडणारीच्या अंदाजाचा.

हा अंदाज यंत्राला शिकवणं कठीण गेलं. ब्राझीलमधल्या एंगेलबर्ग यांनी १८८०च्या दशकात कॉफी आणि धान सोलणारं यंत्र काढलं. तेच पुढे अमेरिकेत बनू लागलं आणि ‘हलर’ म्हणून भारतातल्या गावागावांत पोचलं. आत खाचा पाडलेला लोखंडी रोलर, भोवती लोखंडी जाळी, मध्ये पोलादी पट्टी. सगळा मामला धातूचा. यंत्र दणकट, गावातला लोहारही दुरुस्त करू शकेल असं. पण दाणा लोखंडात सापडला की तूस, कोंडा आणि कणी यांचा एकच काला बाहेर पडे आणि अख्खा तांदूळ कमी भरे. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचा एवढा भाग पिठासारखा होऊन जावा, हे नुकसान लहान नव्हतं.

त्यावरचा उतारा जपानमध्ये रुळला: रबराचे रोलर. धातूच्या ड्रमवर रबराचा जाड थर चढवलेले दोन रोलर समोरासमोर, उलट दिशांनी फिरणारे, आणि एकाचा वेग दुसऱ्यापेक्षा सुमारे पावपटीने जास्त. दोघांमधली फट धानाच्या जाडीपेक्षाही कमी, मिलिमीटरभराच्या आत. दाणा त्यात शिरला की रबर थोडं दबतं, दोन बाजूंच्या वेगांतला फरक तूस ओढून फाडतो आणि ते अलगद निघून येतं. भारतात १९५८मध्ये तांदूळ गिरण्यांच्या नियमनाचा कायदा झाला, १९६०च्या दशकात आधुनिक मिलांचे प्रयोग झाले आणि पुढे सरकारी धोरणाने जुन्या हलरांऐवजी रबर रोलरचा आग्रह धरला. तो कायदा १९९७मध्ये रद्द झाला, रबर मात्र राहिलं.

रबर येण्याच्या कितीतरी आधी या जंगलांत एक प्लॅस्टिक झाडांवरच तयार होत होतं, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही. ते म्हणजे लाख. पळस आणि कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचे किडे जे कवच करतात, ते तापवलं की वितळतं, साच्यात घालून थंड केलं की साच्याचा आकार जसाच्या तसा धरतं. गोंदियाचं नावही लोक गोंद, म्हणजे डिंक, आणि लाखेच्या जुन्या व्यापाराशी जोडतात. १८९१मध्ये बंगाल-नागपूर रेल्वेची वाट आसनसोलपर्यंत जुळली आणि हा मुलूख कलकत्त्याच्या बाजाराला थेट जोडला गेला. तिथेच सियालदहला १९०८मध्ये ग्रामोफोन कंपनीने तबकड्या छापायला सुरुवात केली. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या त्या तबकड्या लाखेच्या. धातूच्या ठशावरची केसाएवढी नक्षी लाखेत उमटायची आणि पोलादी सुई त्यातून गाणं बाहेर काढायची. ठसा धातूचा, कारण त्याने शेकडो छापांत माप सोडायचं नाही. तबकडी लाखेची, कारण तिने ते माप घ्यायचं. १९०७मध्ये बेकलंड यांना बेकेलाइट हे कृत्रिम प्लॅस्टिक सापडलं, तेही विजेच्या कामातल्या लाखेला पर्याय शोधतानाच.

पुढे यंत्राच्या भागांच्या कामाची प्लॅस्टिकं आली. नायलॉन १९३५मध्ये अमेरिकेत ड्यूपॉन्टच्या प्रयोगशाळेत तयार झालं, डेलरिन हे दुसरं प्लॅस्टिक १९६०मध्ये बाजारात आलं. त्यानंतर पितळ आणि गनमेटलच्या बुशला, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीला, स्पर्धक मिळाला. नायलॉनचं वजन पोलादाच्या सातव्या हिश्शाएवढं, तेल नसलं तरी ते शाफ्टवर सहज फिरतं, गंजत नाही. धान वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या बादल्या प्लॅस्टिकच्या झाल्या, तेव्हा पट्ट्यावरचा भार घटला आणि बादली पत्र्याला घासून ठिणगी उडण्याची भीती कमी झाली. धुळीने भरलेल्या मिलमध्ये ही साधी गोष्ट नाही.

पण नायलॉन पाणी पितं. हवेतला दमटपणा शोषून ते फुगतं, आणि पूर्ण भिजलं तर आपल्या वजनाच्या आठ-नऊ टक्क्यांपर्यंत पाणी धरतं. गोंदियात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो, हिवाळ्याच्या रात्री दहापर्यंत उतरतो. एवढ्या फरकाने १०० मिलिमीटरचा पोलादी तुकडा जेमतेम ०.०४ मिलिमीटर बदलतो, नायलॉनचा जवळजवळ ०.३. उन्हाळ्यात शाफ्टवर हलक्या हाताने बसवलेली बुश श्रावणात शाफ्ट आवळून धरते ती दमटपणाने फुगल्यामुळे. उसना, म्हणजे उकडा, तांदूळ करायच्या जागी तर वाफच वाफ. तिथे डेलरिन नायलॉनपेक्षा माप बरं राखतं, कारण ते पाणी फारसं पीत नाही. आणि भार, उष्णता दोन्ही जास्त असतील तिथे जाणता मिस्त्री आजही गनमेटलच मागतो. ते बरोबरही आहे.

लेथवर हा फरक डोळ्यांना दिसतो. पितळाचा कीस कडकड उडतो. नायलॉनची लांब पांढरी फीत निघते आणि जॉबभोवती गुंडाळत जाते, ती आकड्याने सोडवावी लागते. टूल धारदार हवं, नाहीतर कापण्याऐवजी ते घासतं आणि माल तापतो. धातूसारखी उष्णता कीस वाहून नेत नाही. चकमध्ये जोरात आवळलं की गोल तुकडा लंबगोल होतो, आणि सोडल्यावर आतलं भोक वाकडं निघतं. म्हणून जुना टर्नर शेवटचा कट घेण्याआधी जॉब थंड होऊ देतो, मग मायक्रोमीटर लावतो, आणि पितळाला ठेवली असती त्याहून जास्त ढील ठेवतो.

रबराचा रोलरही असाच त्याचा स्वभाव ओळखून वापरावा लागतो. तो झिजणार हे गृहीत धरूनच बसवलेला असतो. लोखंडाचं यंत्र आणि आतला तांदूळ वाचावेत म्हणून सिलिकाचा मार तो घेतो. वेगाचा रोलर आधी बारीक होतो. मग फट वाढते, न सोललेले दाणे खाली येऊ लागतात. मिस्त्री मूठभर धान तळहातावर पसरून बघतो, हँडल फिरवून फट कमी करतो. तेवढ्याने भागेना झालं की मशीन थांबवून दोन्ही रोलरची अदलाबदल करतो, वेगाचा मंदाच्या जागी, मंदाचा वेगाच्या. रबर पार उतरलं की आतला धातूचा ड्रम उरतो, आणि तो पुन्हा रबर चढवायला जातो.