ठिगळावर ठिगळ : कार्यालयातील संगणक मंद का झाले?

महिन्यातल्या एखाद्या बुधवारी सकाळी शाळेच्या कार्यालयात घडणारा एक प्रसंग अनेक शिक्षकांच्या ओळखीचा असेल. दाखल्यासाठी पालक खिडकीशी उभे आहेत. लिपिकांनी संगणक सुरू करून बराच वेळ झाला आहे; पण एक कळ दाबली की अक्षर उमटायला काही क्षण जातात, आणि एखादी फाईल उघडायला सांगितली की पडद्यावर नुसते वर्तुळ फिरत राहते. काल संध्याकाळपर्यंत हाच संगणक नीट चालत होता. मग कोणी म्हणते, "व्हायरस शिरला असेल." दुसरे कोणी म्हणते, "आता हा बदलायलाच झाला."

ही दोन्ही कारणे खरी असू शकतात. परंतु तिसरेही एक कारण संभवते, आणि ते सहसा लक्षात येत नाही. त्या वेळी संगणक स्वतःचीच दुरुस्ती करीत असतो. ही दुरुस्ती आपोआप का होऊ लागली, आणि एका प्रसंगी ती मूळ दुखण्याइतकीच त्रासदायक कशी ठरली, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

कागदी फितीवरची ठिगळे

आज्ञावलीतील चूक सुधारण्यासाठी जो लहानसा तुकडा पाठवला जातो त्याला 'पॅच', म्हणजे ठिगळ म्हणतात. सुरुवातीच्या काळात हे ठिगळ अक्षरशः ठिगळच होते. १९४४ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात 'मार्क १' हे गणनयंत्र चालू झाले. त्याला आज्ञा देण्यासाठी कागदाच्या लांब फितीवर भोके पाडलेली असत. चुकीच्या जागी भोक पडले तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवून ते बुजवत. कागदाची फीत गेली, चुंबकीय तबकड्या आल्या, पण नाव तेच राहिले.

पुढे घरोघरी आणि कार्यालयांत संगणक आले तेव्हा हे ठिगळ वापरणाऱ्यापर्यंत पोचवायचे कसे, हा प्रश्न निर्माण झाला. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९९८ साली विंडोज ९८ बरोबर 'विंडोज अपडेट' ही सोय सुरू केली. संगणक इंटरनेटला जोडायचा, कंपनीच्या संकेतस्थळावर जायचे, आणि लागणारी ठिगळे स्वतः निवडून उतरवून घ्यायची, अशी ती पद्धत होती. थोडक्यात, औषध दुकानात ठेवलेले होते. ते आणायचे की नाही, हे रोग्याच्या मर्जीवर होते.

औषध होते, पण घेतले कोणी?

या पद्धतीतला धोका २००३ साली दोनदा दिसून आला. २५ जानेवारी २००३ रोजी 'स्लॅमर' नावाचा संगणकीय किडा इंटरनेटवर पसरला. त्याची लांबी अवघी ३७६ बाइट, म्हणजे या लेखातल्या एखाद्या परिच्छेदापेक्षाही कमी होती. आरंभी दर साडेआठ सेकंदांना बाधित संगणकांची संख्या दुप्पट होत होती, आणि ज्यांना बाधा होऊ शकत होती अशा संगणकांपैकी सुमारे ९० टक्के संगणक दहा मिनिटांत बाधित झाले. विशेष म्हणजे ज्या छिद्रातून हा किडा आत शिरला ते बुजवणारे ठिगळ जुलै २००२ मध्येच, म्हणजे सहा महिने आधी प्रसिद्ध झाले होते.

त्याच वर्षी ११ ऑगस्टला 'ब्लास्टर' हा दुसरा किडा आला. त्यावरचे ठिगळ १६ जुलैला निघाले होते. या वेळी मधे फक्त २६ दिवस होते. ठिगळ प्रसिद्ध झाले की कोणते छिद्र कोठे आहे हे हल्लेखोरालाही कळते. त्यामुळे ठिगळ निघणे आणि ते लावले जाणे यांमधला काळ हाच सर्वांत धोक्याचा काळ ठरतो.

यातून दोन निर्णय झाले. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने आपली ठिगळे दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी एकत्र प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मंगळवारचे सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे ऋतुमानाप्रमाणे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा झालेले असतात. आपली कार्यालये तेव्हा बंद असतात, आणि बुधवारी सकाळी संगणक सुरू झाला की ठिगळांचा शोध सुरू होऊ शकतो. आरंभीच्या प्रसंगातला बुधवार आला तो यामुळे. दुसरा निर्णय असा की, ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सुधारणासंचापासून ही दुरुस्ती आपोआप होऊ द्यावी, असा आग्रह वापरणाऱ्यांना केला जाऊ लागला. माणसाच्या आठवणीवर विसंबण्यापेक्षा यंत्रानेच यंत्राची काळजी घ्यावी, हा त्यामागचा विचार. तो योग्यच होता.

एक्सपीचे अखेरचे वर्ष

विंडोज एक्सपी ही प्रणाली ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आली. ८ एप्रिल २०१४ रोजी तिचा पाठिंबा संपायचा होता. तो जवळ येत असताना, २०१३ साली, जगभरातील एक्सपीच्या वापरकर्त्यांकडून एकच तक्रार येऊ लागली. संगणक सुरू केला की तो कित्येक मिनिटे, कधी तासभरही, जवळजवळ थिजून राही. कोणती आज्ञावली प्रोसेसरचा किती वेळ घेत आहे हे दाखवणारा 'टास्क मॅनेजर' उघडला, तर 'एसव्हीसीहोस्ट' या नावापुढे १०० टक्के असा आकडा दिसे. दोन गाभ्यांचा प्रोसेसर असेल तर हाच आकडा ५० दिसे, कारण एक गाभा पूर्णपणे अडकून पडलेला असे.

पण या नावावरून उलगडा होत नव्हता. एसव्हीसीहोस्ट हे एका कामाचे नाव नव्हे. विंडोजमधील अनेक सेवा त्याच्या छत्राखाली एकत्र चालतात. एखाद्या वाड्यात दहा बिऱ्हाडे असावीत आणि विजेचा मीटर एकच असावा, तसा हा प्रकार. बिल फुगले हे कळते. कोणाच्या खोलीत दिवा जळत राहिला ते कळत नाही.

ते शोधण्याचा मार्ग प्रयोगशाळेतलाच होता. एकेक सेवा थांबवायची आणि आकडा पाहायचा. स्वयंचलित सुधारणांची सेवा थांबवली की आकडा झटकन खाली येई. ती पुन्हा सुरू केली की पुन्हा वर जाई. बाकी सर्व स्थिती तीच ठेवून एकच घटक बदलला, आणि दोन्ही दिशांनी तोच परिणाम मिळाला. कारण हाती लागल्याचा हा चांगला पुरावा होय. येथे ना व्हायरस होता, ना यंत्र झिजले होते. कोणती ठिगळे लावायची राहिली आहेत, एवढे ठरवण्यातच संगणक दमून जात होता.

अधिक्रमित परिपत्रकांचे गणित

एवढ्या साध्या प्रश्नाला इतका वेळ का लागावा? याचे उत्तर शिक्षकांना पटकन समजेल, कारण शासन निर्णयांशी त्यांचा रोजचा संबंध येतो. एखादा नवा निर्णय निघतो आणि त्यात लिहिलेले असते की, या विषयावरील पूर्वीचे सर्व निर्णय अधिक्रमित करण्यात येत आहेत. इंटरनेट एक्सप्लोरर या एक्सपीतील आज्ञावलीची ठिगळे अशीच होती. प्रत्येक नवे ठिगळ आधीच्या ठिगळांचे काम आपल्या पोटात घेई आणि त्यांना रद्दबातल ठरवी. परंतु जुन्यांची नोंद यादीत तशीच राही. वर्षानुवर्षे हे चालल्याने काही साखळ्या चाळीस किंवा त्याहून अधिक कड्यांच्या झाल्या. ही साखळी तपासण्याची विंडोज अपडेटची रीत अशी होती की, कडी वाढली की लागणारा वेळ दुप्पट होऊ शके.

असे दुप्पट होणे कसे घडते ते एका काल्पनिक लिपिकाच्या उदाहरणाने पाहू. त्याच्यापुढे ४० परिपत्रके आहेत, आणि प्रत्येकाने आपल्या आधीची सर्व अधिक्रमित केली आहेत. एखादे परिपत्रक लागू आहे का, हे ठरवताना तो त्यानंतरचे प्रत्येक परिपत्रक पुन्हा मुळापासून तपासतो, आणि आधी मिळालेले उत्तर कोठेही टिपून ठेवत नाही. शेवटच्या, म्हणजे ४० व्या परिपत्रकासाठी त्याला १ तपासणी पुरते. ३९ व्यासाठी त्याची स्वतःची १ आणि ४० व्याची १, अशा २ तपासण्या. ३८ व्यासाठी १ अधिक २ अधिक १, म्हणजे ४. ३७ व्यासाठी ८. शेवटून दहाव्या परिपत्रकाला ५१२, विसाव्याला ५,२४,२८८, आणि सर्वांत पहिल्या परिपत्रकाला ५४,९७५ कोटी ५८ लाख १३ हजार ८८८! सेकंदाला दहा लाख तपासण्या केल्या तरी याला सहा दिवसांहून अधिक काळ लागेल. आणि हाच लिपिक प्रत्येक उत्तर वहीत टिपत गेला, तर चाळीस परिपत्रकांचा निकाल अवघ्या चाळीस नोंदींत लागतो.

बुद्धिबळाच्या पटावरील धान्याच्या दाण्यांची गोष्ट आपण वर्गात सांगतो, तिचेच हे कार्यालयीन रूप आहे. त्यातून आणखी एक निष्कर्ष निघतो. समजा, मंद संगणक काढून दुप्पट वेगाचा आणला. त्याने काय साधेल? दुप्पट वेगाने फक्त एका जादा कडीची भरपाई होते. पुढच्या ठिगळाबरोबर आपण पुन्हा पहिल्या जागी! रीत सदोष असली तर नुसता वेग विकत घेऊन भागत नाही.

उपाय

मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर आणि डिसेंबर २०१३ मध्ये ही साखळी तोडण्याचे प्रयत्न केले, ते फसले. दरम्यान वापरकर्त्यांना एक तोडगा सापडला होता. इंटरनेट एक्सप्लोररचे सर्वांत अलीकडचे ठिगळ हाताने आणून बसवले की तपासणी लवकर संपत असे. अखेर जानेवारी २०१४ मध्ये कंपनीने कालबाह्य झालेली जुनी ठिगळे यादीतून काढून टाकली आणि एक्सपीचे संगणक मोकळे झाले. नवे काही घालून नव्हे, तर जुने काढून टाकून ही दुरुस्ती झाली. पुढे विंडोज १० मध्ये २०१५ पासून, आणि विंडोज ७ व ८.१ मध्ये ऑक्टोबर २०१६ पासून, सुटी ठिगळे देण्याऐवजी मागचे सारे सामावणारा एकच मासिक संच देण्याची पद्धत आली.

याचा अर्थ सुधारणांमुळे येणारा मंदपणा कायमचा संपला असा नाही. संच उतरवून घेताना इंटरनेटची वाट अडते. तो बसवताना शेकडो फाईली बदलल्या जातात. फिरत्या तबकडीच्या जुन्या संगणकात याचा त्रास अधिक होतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेरीस सुमारे ८.३ सहस्रांश सेकंद लागतात, आणि तिच्यावरच्या विखुरलेल्या नोंदी सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचता येतात. म्हणून प्रोसेसर रिकामा असला तरी संगणक अडलेला वाटतो. ज्यात काहीच फिरत नाही अशी नवी साठवण बसवली की हा फरक ठळकपणे जाणवतो.

तेव्हा संगणक मंद झाला तर आधी निदान करावे. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर, स्मृती, तबकडी आणि जाळे यांपैकी कशावर ताण आहे ते पाहावे. वार, तारीख आणि वेळ लिहून ठेवावी. मंदपणा महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारनंतरच येतो का, तासाभरात आपोआप जातो का, हे दोन-तीन महिने टिपावे. सुधारणांची सेवा थोडा वेळ थांबवून आकडा उतरतो का ते पाहावे, आणि पुन्हा सुरू करून तो चढतो का तेही पाहावे. कारण सुधारणाच आहे असे ठरले, तर ते काम शाळा सुटल्यानंतरच्या वेळेत लावावे आणि त्या दिवशी संगणक चालू ठेवावा. निकालपत्रके आणि बिले तयार करण्याचे काम शक्यतो त्या बुधवारच्या सकाळी ठेवू नये.

मात्र ती सेवा कायमची बंद करण्याचा मोह टाळावा. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या 'वॉनाक्राय' या खंडणीखोर किड्याने ब्रिटनमधील रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत केले. त्यावरचे ठिगळ १४ मार्चलाच, म्हणजे ५९ दिवस आधी निघाले होते. ज्यांनी ते वेळेवर लावले त्यांना थोडा वेळ मंद संगणक सोसावा लागला असेल. ज्यांनी लावले नाही त्यांच्या फाईलीच कुलूपबंद झाल्या.

दहावीच्या वर्गात वरील परिपत्रकांचे गणित चार विद्यार्थ्यांना चार चिठ्ठ्या देऊन करून पाहता येईल. एकदा उत्तरे न टिपता आणि एकदा टिपून. दोन्ही वेळा किती तपासण्या झाल्या ते फळ्यावर मांडावे, आणि मग पाचवी चिठ्ठी द्यावी. पुढे काय होणार, हे मुले तुमच्या आधी सांगतील.