फांदी आणि क्रम

विचारांची मांडणी करून देणाऱ्या संगणकीय साधनांची तुलना करताना एक ठरीव विभागणी पुढे केली जाते. आऊटलाइनर हा तर्ककठोर, शिस्तप्रिय मनासाठी आणि माइंड मॅप हा मुक्त, कल्पक मनासाठी. एकात मुद्दे आणि उपमुद्दे ओळीने खाली उतरतात. दुसऱ्यात मध्यावरच्या एका कल्पनेतून फांद्या चहूकडे पसरतात. डोळ्यांना हा भेद पटतो. इतिहास मात्र त्याला दुजोरा देत नाही. ही दोन्ही साधने एकाच जुन्या आकृतीची अपत्ये आहेत, आणि त्यांच्यातील खरा भेद वेगळ्याच ठिकाणी आहे.

ती आकृती म्हणजे झाड. तिसऱ्या शतकातील तत्त्वज्ञ पॉर्फिरी याने अॅरिस्टॉटलच्या तर्कविचाराला प्रस्तावना लिहिली. 'द्रव्य' या सर्वांत व्यापक कोटीपासून दर पायरीला एकेक भेद करत माणसापर्यंत उतरणारी तिच्यातील मांडणी मध्ययुगीन हस्तलिखितांत चित्ररूपाने येऊ लागली आणि 'पॉर्फिरीचे झाड' म्हणून ओळखली गेली. तेराव्या शतकाच्या अखेरीस रामोन लुल याने तर सर्व विद्या झाडांच्या रूपाने मांडणारा कोशच लिहिला. सोळाव्या शतकात पॅरिसमधील अध्यापक पेत्रुस रामुस (१५१५–१५७२) याने या वृत्तीला अध्यापनपद्धतीचे रूप दिले. कोणताही विषय व्याख्येपासून सुरू करावा आणि शक्यतो दोन-दोन भागांत फोडत न्यावा, हा त्याचा आग्रह. त्याच्या परंपरेतील पाठ्यपुस्तकांत महिरपी कंसांनी जोडलेले तक्ते पानभर पसरलेले दिसतात. ते आडवे वाचले तर आजचा माइंड मॅप आठवतो, उभे वाचले तर आजची आऊटलाइन.

रामुसवर १९५८ मध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या वॉल्टर ऑंग यांचा आक्षेप मूलगामी होता. मुद्रणाच्या साहचर्याने या पद्धतीने ज्ञानाला बोलण्या-ऐकण्याच्या व्यवहारातून उचलून कागदावरच्या जागेत बसवले. त्यात संवाद क्षीण झाला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्याहीपूर्वी, १६०५ मध्ये, फ्रान्सिस बेकनने सुबक पद्धतीपेक्षा तुटक सूत्रांना अधिक पसंती दिली होती. सूत्रातील अपुरेपण वाचकाला पुढे शोध घ्यायला लावते. पूर्ण दिसणारी मांडणी मात्र शोध संपल्याचा भास निर्माण करते. आजच्या साधनांविषयी बोलतानाही हा इशारा विसरता येत नाही.

संगणकावर ही आकृती प्रथम प्रभावीपणे अवतरली ती डग्लस एंगलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांनी आपल्या प्रणालीचे जे प्रात्यक्षिक दाखवले, त्यातील एक उदाहरण अगदी घरगुती होते: वाणसामानाची यादी. त्यांनी ती गटांत लावली, उपगट मिटवले, पुन्हा उघडले. आणि मग त्याच कामांसाठी घरी जाताना घ्यायच्या वाटेचे रेखाचित्र पडद्यावर आणले. यादी आणि नकाशा ही एकाच मजकुराची दोन दर्शने होऊ शकतात, हे तेव्हाच दिसून आले होते.

पुढे हे दोन प्रवाह वेगळे झाले. डेव्ह वायनर यांचा 'थिंकटँक' हा आऊटलाइनर १९८३ मध्ये घरगुती संगणकांवर आला. १९८६ च्या 'मोअर'मध्ये तर लिहिलेली आऊटलाइन झाडासारख्या तक्त्यात पालटून दाखवण्याची सोय होती. दुसरीकडे १९७४ मध्ये बीबीसीवरील मालिका आणि 'यूज युअर हेड' हे पुस्तक यांद्वारे टोनी बुझान यांनी माइंड मॅपचा प्रसार सुरू केला: मध्यावर चित्र, रंगीत वळणदार फांद्या, प्रत्येक फांदीवर एकच शब्द. त्याच्या समर्थनार्थ मेंदूच्या डाव्या-उजव्या अर्धगोलांविषयीची तत्कालीन कल्पना वापरली गेली. तर्क एकीकडे आणि कल्पकता दुसरीकडे, ही ढोबळ वाटणी मेंदूविज्ञान आज मानत नाही. पण साधनांविषयीच्या बोलण्यात ती टिकून राहिली. आरंभी सांगितलेल्या विभागणीला बळ मिळाले ते येथून.

'फ्रीमाइंड' या मुक्त प्रोग्रॅमची फाइल साध्या संपादकात उघडून पाहावी. आत एका नोडच्या पोटात दुसरा नोड, त्याच्या पोटात तिसरा, अशी रचना आढळते. आऊटलाइनची देवघेव करण्यासाठी वायनर यांनी २००० मध्ये आणलेल्या ओपीएमएल या स्वरूपातही नेमके हेच असते. म्हणजे आतला सांगाडा एकच. फरक तो पडद्यावर पसरवण्याचा.

परंतु हा फरक क्षुल्लक नव्हे. आऊटलाइनमध्ये प्रत्येक मुद्द्याला आधीचा आणि नंतरचा असतो. तिसरा मुद्दा दुसऱ्याच्या वर नेला, तर युक्तिवाद बदलतो. माइंड मॅपमध्ये फांद्या वर्तुळात उभ्या राहतात. कोणती आधी वाचायची हे डोळा ठरवतो. शिवाय आऊटलाइनच्या ओळीत पूर्ण विधान मावते, तर एकशब्दी फांदीवर केवळ विषयाचे नाव उरते. माइंड मॅप क्रमाचा निर्णय पुढे ढकलतो, आणि पुष्कळदा विधान करण्याचाही. साहित्य गोळा होत असताना ही सवलत मोलाची असते. प्रबंध लिहायला बसल्यावर तीच अंगाशी येते.

दोघांची समान मर्यादा साहित्याच्या अभ्यासकाला अधिक जाणवावी. 'कोसला'वरील टिपणे मांडताना मनीचा मृत्यू कोठे ठेवायचा? पांडुरंगाच्या जडणघडणीखाली, कादंबरीच्या रचनेखाली, की निवेदनाच्या भाषेखाली? झाडात एका फांदीला एकच खोड असते. साहित्यकृतीतील घटनेला अनेक असतात. दोन फांद्यांमध्ये बाण काढण्याची सोय अनेक प्रोग्रॅमांत आहे, पण नुसता बाण संबंधाचे स्वरूप सांगत नाही. कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेल्या संकल्पना-नकाशात म्हणूनच प्रत्येक जोडरेषेवर संबंध लिहिणे आवश्यक मानले जाते: 'मुळे घडते', 'च्या विरोधात जाते', 'मधून सूचित होते'. तेथे रेषेलाच वाक्य व्हावे लागते.

मराठी शाळेत 'मुद्द्यांवरून गोष्ट लिहा' हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे. मुद्दे सर्वांना तेच मिळतात, तरी एखाद्याचीच गोष्ट जमते, कारण गोष्ट दोन मुद्द्यांमधल्या जागेत असते. 'म्हणून', 'तरीही', 'एवढ्यात' हे शब्द ना फांदीवर लिहिलेले असतात, ना आऊटलाइनच्या ओळीआधी. तेव्हा साधनाची निवड करताना ते किती मोकळीक देते याबरोबरच ते कोणता निर्णय आपल्यावर सोपवते आणि कोणता लपवते, हेही विचारायला हवे. नकाशाने सामग्रीचा विस्तार दिसतो, आऊटलाइनने क्रम तपासता येतो. संबंध मात्र वाक्य लिहूनच सिद्ध करावा लागतो, आणि विद्यार्थ्याच्या निबंधात शिक्षकाने प्रथम पाहायचे ते हेच.