शनवार तेली

ज्या जिल्ह्यास १९८१ पूर्वीं कुलाबा म्हणत व आतां रायगड म्हणतात, त्यांतील अलिबाग, पेण, मुरुड या बाजूच्या खेड्यांत घाण्यावर तेल काढणारे लोक दोन प्रकारचे असत. एकांचा घाणा सोमवारीं बंद, कारण तो वार शंकराचा. दुसऱ्यांचा शनिवारीं बंद. गांवकऱ्यांनीं पहिल्यांस सोमवार तेली व दुसऱ्यांस शनवार तेली अशीं नांवें दिलीं. प्रत्येक जातीचा कांहींतरी नेम असतोच, हें मानणाऱ्या त्या समाजांत शनिवारीं काम न करणें नवलाचें नव्हतें. वस्तुतः तो नेम यहुदी धर्मशास्त्रांतील दहा आज्ञांपैकीं एक होता, आणि तो पाळणारे लोक म्हणजे बेने इस्रायल.

त्यांची परंपरा अशी कीं, नौगांवच्या किनाऱ्यानजीक एक गलबत फुटलें आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. त्यांचे हे वंशज. धर्मग्रंथ समुद्रांत गेले, पुढें भाषाहि गेली. मुलें मराठी बोलूं लागलीं, आणि गांवांवरून पेणकर, रोहेकर, केहीमकर, दिवेकर अशीं आडनांवें पडलीं. मागें उरलें तें फार थोडें : शनिवारची विश्रांति, आठव्या दिवशीं मुलाची सुंता, अन्नाचे विधिनिषेध, कांहीं सण, आणि ‘शेमा’ ही ईश्वराच्या एकत्वाची हिब्रू प्रार्थना. हिचे आरंभींचे शब्द अर्थ न कळतांहि जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगीं म्हटले जात.

दावीद राहबी नांवाचा एक यहुदी पुढें कोंकणांत आला. त्याचा काळ कोणी इसवी सन १००० च्या सुमाराचा मानतात, तर कोणी त्यास अठराव्या शतकांत कोचीनच्या राहबी घराण्यांत शोधतात. हे लोक खरोखर यहुदी कीं काय, हें पाहण्यासाठीं त्यानें बायकांपुढें नाना तऱ्हेचे मासे ठेवले व रांधण्यास सांगितलें, अशी कथा आहे. त्यांनीं पर व खवले असलेले मासे तेवढे उचलले आणि बाकीचे बाजूस सारले. कथा खरी असो वा नसो, ती रचणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. शास्त्र जिवंत आहे कीं नाहीं, याची परीक्षा त्यांनीं स्वयंपाकघरांत घेतली! कोळंबी, खेकडे आणि तिसऱ्या जेथें रोज दारांत येतात, अशा किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या त्या वर्ज्य करणें ही सामान्य गोष्ट नव्हे. मांसाबरोबर दूध खावयाचें नाहीं, ही आज्ञा मात्र कोंकणानें सोपी केली. गाईच्या दुधाच्या जागीं नारळाचें दूध आलें.

सणांचीं मूळ नांवें विसरलीं, तरी सण गेले नाहींत. त्यांस मराठी नांवें मिळालीं. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. प्रायश्चित्ताच्या उपवासाचा तो दरफाळणीचा सण, कारण त्या दिवशीं दारें लावून घेऊन माणसें घरांत बसत. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचें सुतक, तो बिरड्याचा सण. हजारों कोसांवरच्या एका मंदिराचा शोक वालाच्या बिरड्यानें स्मरणांत राहावा, हें कोणत्याहि इतिहासकारास सुचलें नसतें. शेजाऱ्यांकडूनहि पुष्कळ आलें. विधवाविवाह वर्ज्य झाला, गोमांस सुटलें. एलियाहू पैगंबराच्या नांवानें पोहे, गूळ व खोबरें यांचा मलीदा होऊं लागला. यांतील विधवेवरील बंधन शास्त्रांत कोठेंहि नव्हतें, आणि दुसऱ्याचें उचलावयाचें असतां तें उचललें नसतें तर बरें होतें.

पुढें ग्रंथ परत आले. टिपूच्या कैदेंतून सुटलेल्या सामाजी हसाजी दिवेकर यांनीं १७९६ सालीं मुंबईंत पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. जॉन विल्सन या मिशनऱ्यानें १८३२ सालीं हिब्रूचें व्याकरण मराठींत छापलें. वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाची ‘हग्गादा’ मराठी अर्थासह मुंबईस १८४६ सालीं व पुण्यास १८७४ सालीं निघाली; जोसेफ यहेज्केल राजपुरकर यांनीं प्रार्थनाग्रंथ मराठींत आणले; ठाण्यास १८७९ सालीं प्रार्थनामंदिर उभें राहिलें. मोशे व योसेफ यांचीं चरित्रें मराठी कीर्तनांतून गाइलीं जाऊं लागलीं. आज्ञा काय आहे व ती कां आहे, हें आतां वाचतां येऊं लागलें.

आणि नेमका याच काळांत शनिवार हातचा गेला. खेड्यांतला घाणा स्वतःचा होता. बैल सोडला कीं शब्बाथ सुरू. मुंबईच्या कचेऱ्या, रेल्वे, पलटणी यांचें घड्याळ दुसऱ्याचें. तेथें सुटी रविवारीं, आणि शनिवारीं गैरहजर राहणारा कारकून किती दिवस टिकणार? ज्यांचें नांवच शनिवारावरून पडलें होतें, त्यांच्यांतील कित्येकजण प्रार्थना छापील पुस्तकांतून नीट वाचूं लागले आणि शनिवारीं कामावर जाऊं लागले. याबद्दल त्यांस दोष देणें सोपें आहे. पण पोटाचा प्रश्न आज्ञेइतकाच जुना आहे.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबें इस्रायलांत गेलीं. तेथें निराळेंच संकट उभें राहिलें. विवाह व घटस्फोट यांविषयींचे रब्बींचे नियम या लोकांनीं शतकानुशतकें पाळले होते कीं नाहीं, अशी शंका धर्माधिकाऱ्यांनीं घेतली, आणि अन्य यहुद्यांशीं त्यांचा विवाह लावण्यापूर्वीं पूर्वजांची चौकशी करावी असें ठरविलें. ज्यांनीं ग्रंथावांचून आज्ञा जपली, त्यांच्याकडे ग्रंथाचा दाखला मागितला गेला. जेरुसलेमांत निदर्शनें झालीं. अखेर १९६४ सालीं बेने इस्रायल हे सर्व बाबतींत यहुदीच होत, असें सरकारनें जाहीर केलें.

अश्दोद, दिमोना, बीरशेबा या गांवीं त्यांच्या घरांत मराठी बोलली जाते आणि मलीद्याच्या ताटांत पोहे असतात. तेथें शुक्रवारचा सूर्य मावळतांना दुकानें मिटूं लागतात. शनिवार आतां साऱ्या गांवाचाच. त्यावरून कोणास शनवार तेली म्हणावें असा शेजारी तेथें नाहीं.