शॉकपचं सील

मोटारसायकलच्या पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचं पूर्ण नाव आपल्याकडे कोणी घेत नाही. गॅरेजमध्ये त्याला शॉकप म्हणतात, आणि त्याच्या चकचकीत नळीवरून तेल ओघळायला लागलं की ‘सील गेलं’ एवढं सांगितलं की भागतं. हे सील म्हणजे तळहातावर मावणारी रबराची कडी. पण तिच्यावाचून आजची मोटारसायकल उभीच राहिली नसती.

मंडळी, पुढच्या चाकाला पूर्वी तेलाच्या नळ्या नव्हत्या. होते ते गर्डर फोर्क, म्हणजे लोखंडी सांगाडा, वर एक जाड स्प्रिंग आणि दोन्ही बाजूंना सांधे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेने बीएसए एम-२० आणि नॉर्टन १६ एच वापरल्या, त्या असल्याच फोर्कच्या. त्यात तेलच नाही तर गळणार काय? ग्रीस भरा आणि चालवा. खड्ड्यात मात्र हातांची हाडं खिळखिळी व्हायची.

डेन्मार्कच्या निम्बसने १९३४ साली एका नळीत दुसरी नळी सरकणारा फोर्क आणला. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने आर-१२ आणि आर-१७ या गाड्यांना अशाच नळ्या दिल्या, पण आत तेल भरून. स्प्रिंग दबली की तेल बारीक भोकांतून वाट काढतं, त्यामुळे चाक उड्या मारत राहत नाही. मॅचलेसचा टेलिड्रॉलिक फोर्क १९४१ साली फौजेच्या जी-३ एल गाडीवर आला, आणि युद्धानंतर गर्डर हळूहळू इतिहासजमा झाला. १९५५ पासून मद्रासेत बनू लागलेली बुलेट याच नव्या वंशातली.

आता खरी अडचण अशी, की नळी सतत वरखाली सरकणार आणि तेल तर बाहेर येता कामा नये. याचं उत्तर एका चामडं कमावणाऱ्या कारखान्यातून आलं, याची मला मोठी गंमत वाटते. जर्मनीतल्या वाइनहाइमच्या फ्रॉयडेनबर्ग कंपनीला १९२९ च्या मंदीत चामड्याला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून तिने मोटारींसाठी चामड्याची सीलं करायला घेतली. तिथल्या वाल्थर सिमर या अभियंत्याच्या नावावरून त्या कडीला ‘सिमरिंग’ नाव पडलं. १९३६ साली चामड्याची जागा कृत्रिम रबराने घेतली. आजच्या सीलमध्येही रचना तीच: आत एक पातळ ओठ आणि त्याला नळीवर दाबून धरणारी केसासारखी स्प्रिंग.

त्या काळच्या कंपन्या मालकाला शहाणा समजत. गाडीबरोबरच्या पुस्तिकेत हेड उतरवून कार्बन खरवडायचा कसा हेही लिहिलेलं असे. आजची पुस्तिका चेन ताणायला सांगते आणि बाकीसाठी सर्व्हिस सेंटरचा रस्ता दाखवते. तरी सील घरी बदलता येतं. पुढचं चाक अधांतरी राहील असा भक्कम टेकू इंजिनाखाली द्यायचा, चाक आणि मडगार्ड काढून शॉकप खाली ओढायचा. वरचा नट जपून, कारण आत स्प्रिंग दबलेली असते. तेल ओतून द्यायचं, डस्ट कव्हर आणि सर्क्लिप काढून जुनं सील उचकटायचं. नवं सील चढवताना नळीच्या टोकावर तेल लावलेली प्लास्टिकची पिशवी घालावी, म्हणजे ओठ फाटत नाही. स्प्रिंगची बाजू तेलाकडे. वरून जुनं सील ठेवून मापाच्या पीव्हीसी पाइपने चहूबाजूंनी सारखं ठोकायचं. दोन्ही बाजूंना तेल मोजून तेवढंच.

पण गोव्यात नुसतं सील बदलून भागत नाही. खाऱ्या वाऱ्याने आणि चार महिन्यांच्या पावसाने नळीच्या क्रोमवर टाचणीच्या टोकाएवढे गंजाचे खड्डे पडतात, आणि तेच खड्डे नव्या सीलचा ओठ कापतात. २०१२ साली खाणी बंद होण्याआधी डिचोली-सांग्याच्या रस्त्यांवर लोहखनिजाची लाल धूळ उडायची, ती तर पॉलिश पेपरसारखीच. खड्डे बारीक असतील तर अगदी बारीक पाण्याचा पेपर फिरवून कडा घासाव्यात. खोल असतील तर नळीच बदलावी, नाहीतर सीलचे पैसे पाण्यात.

आपल्या पिवळ्या मडगार्डच्या पायलटांना विचारा. गाडी गॅरेजमध्ये म्हणजे त्या दिवसाचं भाडं गेलं, म्हणून गळती पुढे ढकलली जाते. ड्रम ब्रेकच्या दिवसांत ते चालून जायचं, बुटावर डाग पडला तर पडला. पण १९९९ च्या सीबीझेडनंतर आपल्याकडे पुढची डिस्क सर्रास दिसू लागली, आणि उघड्या डिस्कवर तेल उतरलं की ब्रेक लागत नाही. तेल प्याडात मुरलं तर ते पुसूनही उपयोग नाही, प्याड टाकूनच द्यावे लागतात.

असो. तेल नुकतंच पाझरू लागलं असेल तर खोलण्याआधी एक करून बघावं. डस्ट कव्हर वर सरकवून फोटोच्या जुन्या निगेटिव्हची पट्टी सील आणि नळीच्या फटीत अलगद घालून गोल फिरवावी. कधीकधी ओठाखाली नुसता वाळूचा कण अडकलेला असतो. निगेटिव्ह आता घरोघरी मिळणार नाहीत, पण जुन्या एक्सरेची पट्टी चालते.